दुसऱ्यांदा विचारल्यावर

५ मे

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तुझ्या पेशातला एक सल्ला हवा आहे, तेवढ्यापुरतंच हे पत्र.

निवृत्त झाल्यावर मी घरात बसून झाडांना पाणी घालत असेन, अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. मेडिकल कॉलेजनं आपला उन्हाळी वर्ग माझ्या गळ्यात घातला आहे. समोरच्या बेटांवरून बारावी झालेली मुलं आणायची, सुट्टीभर वसतिगृहात ठेवायची, विज्ञान पक्कं करून घ्यायचं, रुग्णाशी बोलायचं कसं ते शिकवायचं आणि शेवटी निवड समितीपुढे उभं करायचं. बेटांवरची भाषा वेगळी, शाळेत प्रयोगशाळा नाही, आणि आजवर तिथलं एकही मूल डॉक्टर झालेलं नाही. वर्ग सुरू झाल्यापासून समितीनं दर वर्षी सगळ्यांना परत पाठवलं. शेरा प्रत्येकापुढे एकच : "बोलत नाही." या वर्षी निदान एक मूल आत गेलं नाही तर वर्ग बंद, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

हे प्राचार्य माझेच विद्यार्थी. बेडूक चिरताना डोळे मिटून घ्यायचा तो. आता पोट सुटलं आहे आणि आवाजात वजन आलं आहे. मला म्हणाला, "बाई, खरं सांगू का, बेटावरच्या लोकांना डॉक्टरची तशी गरज कमीच. आमचा डॉक्टर होडीनं महिन्याला जातो. ज्याला विचारावं त्याची तब्येत बरी. काटक माणसं आहेत."

मी म्हटलं, "मग तू तिकडेच जाऊन राहा. पोटही उतरेल."

आता मुद्दा. रुग्णाशी बोलणं शिकवणारे डॉक्टर जिन्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसले आहेत. त्यांच्या जागी तू येतेस का, असं मी भाचीमार्फत विचारलं होतं. दवाखाना बंद करून तू मोकळी झाली आहेस, असं तिनंच सांगितलं होतं. तुझा निरोप आला, "जमणार नाही." ठीक आहे. मी एकदा विचारलं, तू उत्तर दिलंस. मी कोणताही प्रश्न दोनदा विचारत नाही, हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तेव्हा ये असं म्हणत नाही. फक्त एवढं कळव की अठरा वर्षांच्या मुलांना रुग्णाशी बोलायला तू कसं शिकवलं असतंस.

ते जुनं पत्र अजून मनात धरून बसली असशील तर पुन्हा सांगते. "ताई, तू सगळ्यांना आयुष्यभर वर्गात बसवलंस" असं तू चांगली चार पानं भरून लिहिलंस. मी ते तांबड्या शाईनं तपासून, "आशय ठीक, शुद्धलेखन कच्चं" असा शेरा मारून परत पाठवलं. चुका होत्या म्हणून दाखवल्या. शेवटचा "आशीर्वाद" तर तू "आर्शिवाद" असा लिहिला होतास. डॉक्टर बाईला हे शोभत नाही.

उत्तर पाठव.

ताई


१९ मे

धाकटे,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहिते आहे.

इथे एक गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही, ठरव तूच.

मुलं आली तेव्हा चांगली टवटवीत होती. आठवड्यात सगळ्यांचे गाल बसले. मला वाटलं घरची आठवण. त्यात एक मुलगी आहे, तिला वर्गात सगळी शिंपली म्हणतात, कारण तोंड घट्ट मिटलेलं. लेखी परीक्षेत पहिली. हृदयाची आकृती अशी काढते की पुस्तक बाजूला ठेवावं. पण उभं करून विचारलं की शिंपली बंद. तिच्या शेजारी बसते ती रेडिओ. ती मूळची बेटावरचीच, पण बंदरातल्या वस्तीत, आपल्याच मुलांत वाढली. दिवसभर चालू असते, आणि हृदय उजवीकडे असतं हे ती इतक्या आत्मविश्वासानं सांगते की क्षणभर आपणच छातीला हात लावून बघतो.

तर परवा प्रयोगशाळेत शिंपली उभ्याउभ्या खाली बसली. चक्कर. पाणी मारलं. विचारलं, "सकाळी खाल्लंस का?" उत्तर नाही. मला वाटलं शुद्धीवर नसेल, ऐकलं नसेल, म्हणून परत विचारलं, "अगं, खाल्लंस का?"

"नाही, बाई," ती म्हणाली. "काल रात्रीही पोटभर नाही."

"का? जेवण आवडत नाही?"

गप्प. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात रेडिओ मागून बोलली, "बाई, अजून एकदा विचारा. आमच्यात असंच असतं."

मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर टेबलाखाली गेली असती. पण विचारलं. मग शिंपलीनं नीट सांगितलं. त्यांच्या बेटांवर पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं, किंवा "बरं आहे", किंवा गप्प बसायचं. मोठं माणूस विचारत असेल तर गप्पच. खरं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर. पहिल्या विचारण्याला खरं उत्तर देणं म्हणजे समोरच्याच्या हातातलं ओढून घेणं.

"पहिल्यांदा विचारतात ते बोलायचं म्हणून," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारतात ते ऐकायचं म्हणून."

आता आमची स्वयंपाकीण कशी, हातात भांडं घेऊन पंगतीतून धावत सुटते. "आणखी वाढू?" "नको." की पुढे. सगळा वर्ग इतके दिवस अर्धपोटी उठत होता, आणि ती बाई मला म्हणत होती, "चिमणीसारखं खातात हो पोरं." मी खाली जाऊन सांगितलं, प्रत्येकाला दोनदा विचारायचं. त्या रात्री भांडी घासायलाही काही उरलं नाही. स्वयंपाकीण स्वतः पाव खाऊन झोपली आणि आता माझ्याशी बोलत नाही.

मी रेडिओला म्हटलं, "हे तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला एकदासुद्धा विचारलं नाहीत, बाई."

सल्ल्याची वाट पाहते आहे.

ताई


८ जून

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला दीपस्तंभाचं चित्र, दुसऱ्या बाजूला एक ओळ : "रुग्णाशी बोलायला शिकवता येत नाही, गप्प बसायला शिकवता येतं." आणि खाली सही करण्याआधी ठसठशीत अक्षरात "आर्शिवाद".

पाहिलं. मी काही म्हणणार नाही. धाकट्या बहिणीनं थोरलीला आशीर्वाद द्यायचा नसतो, हेही म्हणणार नाही. तांबडं पेन खणात आहे आणि खणाला कुलूप आहे.

गप्प बसायला शिकवायचं असेल तर माझ्याकडे सगळा वर्ग आधीच पदवीधर आहे. प्रश्न उलटा आहे. निवड समितीपुढे दोन गोष्टी होतात. आधी कॉलेजचा एक कारकून रुग्णाचं सोंग घेऊन बसतो आणि मुलानं त्याची विचारपूस करायची. मग समिती दोन-तीन प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्न एकदाच. उत्तर आलं नाही तर पुढचा.

म्हणून मी रोज संध्याकाळी शिंपलीला पहिल्याच विचारण्याला बोलायची सवय लावते आहे. हाडं, स्नायू, रक्तगट, यांना ती आता लगेच उत्तर देते, मात्र देताना कान लाल होतात, जणू भर पंगतीत कुणाच्या ताटातलं उचललं. पण स्वतःबद्दल काही विचारलं की मिटली. "तुला डॉक्टर का व्हायचंय?" हा प्रश्न समिती प्रत्येकाला विचारतेच. तिथे ती माझ्याकडे नुसती बघते. दुसऱ्यांदा विचारायचं मी कटाक्षानं टाळते, कारण समिती विचारणार नाही.

काल उलटं करून पाहिलं. मी रुग्ण झाले, ती डॉक्टर. खुर्चीत बसले आणि ठरवून टाकलं की हिला काही सांगायचं नाही.

"कुठे दुखतंय का, बाई?"

"नाही."

तिनं मान हलवली. पुढचा प्रश्न विचारला नाही, कागद बघितला नाही. बसून राहिली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्याच आवाजात, जराही चढ न लावता, पुन्हा : "कुठे दुखतंय का?"

धाकटे, माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघा. उजवा. जिना उतरताना."

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. जिना चढताना दुखतं की उतरताना, हे तिनं विचारण्याआधीच मी सांगून बसले. वर ती म्हणाली, "कधीपासून?" आणि मी पहिल्याच खेपेला सांगितलं, इतकी माझी आब गेली होती. तू हे मनावर घेऊ नकोस. थोडं तेल चोळलं की बरं वाटतं. औषधांची नावं लिहून पाठवू नयेस.

ताई


२४ जून

धाकटे,

तू औषधांची नावं लिहून पाठवलीस. वर, "गुडघ्याचा फोटो काढ, नाहीतर भाचीला पाठवते." हा दम कोणाकडून शिकलीस ते मला माहीत आहे.

उद्या समिती बसते आहे. मी आज प्राचार्यांकडे गेले. सगळं समजावून सांगितलं. या मुलांना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारा, एवढंच. त्यानं चष्मा काढून पुसला. तो चष्मा पुसायला लागला की समजावं, नकार येतोय.

"बाई, प्रश्न एकदाच, हा नियम कोणी घातला?"

"कोणी?"

"तुम्ही. तुम्ही समितीत होतात तेव्हा. म्हणालात, एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदा विचारलं तर वशिला होतो. मी शब्द न् शब्द पाळतोय."

नियम चांगलाच होता. त्याबद्दल मी एक अक्षर मागे घेत नाही. पण नियम असा समोर येऊन उभा राहील, तेही नकार देताना चष्मा पुसायची माझीच लकब उचलून, असं वाटलं नव्हतं.

"मी आत बसू का?" विचारलं.

"बसा. पण बोलायचं नाही. मुलांना सुचवायचं नाही, खाणाखुणा नाहीत."

"मी कधी खाणाखुणा केल्यात?"

"तुमची भुवई वर गेली की अख्खा वर्ग उभा राहायचा, बाई."

समितीत तो, कार्यालयातली एक शांत बाई आणि सर्जनबुवा. हे सर्जनबुवा बोटांनी उत्तम आणि कानांनी कच्चे. म्हणजे ऐकू येतं, पण ऐकत नाहीत. बेटावर होडीनं जाणारे डॉक्टर त्यांच्याच हाताखालचे.

बाकीच्या मुलांचं मला फारसं वाटत नाही, ती पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतात. पुढचं वर्ष असेल तर. ते उद्या शिंपलीच्या तोंडावर अवलंबून आहे. संध्याकाळी तिला म्हटलं, "उद्या पहिल्या विचारण्यालाच बोल. नाटक समज."

"प्रयत्न करते, बाई."

मी परत विचारलं, "बोलशील का?"

"नाही जमणार," ती म्हणाली. "का व्हायचंय, ते नाटकात नाही सांगता येत."

खरं उत्तर मागितलं की हे असं मिळतं.

ताई


२६ जून

धाकटे,

सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

लांबट खोली, समितीचं टेबल, भिंतीवर सांगाडा. एका कोपऱ्यात कारकून पोटावर चादर ओढून रुग्ण झाला होता. त्याला पढवलेलं असं की रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं बंद केल्या आहेत, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी भिंतीलगत खुर्चीवर, हात मांडीत, भुवया जागच्या जागी.

सकाळपासून सगळ्यांनी विचारलं, "गोळ्या घेता ना?" तो म्हणाला, "घेतो." इथे सगळं एकदाच, असं मीच बजावलेलं, म्हणून सगळे पुढे गेले. रेडिओनं तर त्याला बोलूच दिलं नाही. स्वतःच्या काकांच्या रक्तदाबाची गोष्ट सांगून त्यालाच धीर दिला. बिचारा हसू दाबता दाबता खरोखरच लालबुंद झाला.

शिंपली आली. बसली. "गोळ्या घेता ना?"

"घेतो."

ती थांबली. सर्जनबुवांनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा, त्याच आवाजात : "गोळ्या घेता ना?"

कारकुनानं चादर जरा वर ओढली. "बंद केल्या. चक्कर येत होती." मग हळूच, कोणी पढवलेलं नसताना, "आणि खरं म्हणजे मला खरोखरच रात्री धाप लागते. घरी सांगितलं नाही."

प्राचार्यांनी मान वर केली. कार्यालयातल्या बाईंनी काहीतरी लिहिलं. सर्जनबुवा म्हणाले, "तेच तेच विचारते. वेळ खाते." मी जीभ दातांखाली धरली.

मग ते तिच्याकडे वळले. "तुला डॉक्टर का व्हायचंय?"

शिंपली त्यांच्याकडे बघत राहिली. तोंड मिटलेलं. पंखा फिरत होता. मी तिच्या हातांकडे पाहत होते. हात अगदी स्थिर होते. घाबरलेल्या मुलीचे हात असे नसतात. ती वाट बघत होती. समोरचा माणूस विचारतोय की नुसता बोलतोय, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

सर्जनबुवांनी पेनाचं टोपण काढलं. शेरा लिहायला. तो शेरा मला पाठ आहे.

मी उभी राहिले. गुडघ्यानं कळ दिली, तिचाही उपयोग करून घेतला आणि म्हातारीसारखी खुर्चीला धरून म्हणाले, "माफ करा हं, वय झालं, हल्ली नीट ऐकू येत नाही. काय विचारलंत तुम्ही हिला?"

तुला माहीत आहे, मागच्या बाकावर कागद फाटला तरी मला ऐकू येतं. प्राचार्यांनाही माहीत आहे. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

सर्जनबुवा चिडले, पण वयाचा मान राखणारे आहेत. आवाज चढवून, एकेक शब्द तोडून, तिच्याकडेच बघत म्हणाले, "मी विचारलं, हिला डॉक्टर का व्हायचंय."

आणि शिंपली उघडली.

"आमच्याकडे होडीनं डॉक्टर येतात. ते भले आहेत. धक्क्यावर टेबल मांडतात आणि सगळ्यांना विचारतात, कसं काय, बरं आहे ना. एकदाच विचारतात. सगळे म्हणतात, बरं आहे. ते लिहून घेतात आणि भरतीच्या आधी परत निघतात. माझ्या आजीलाही विचारलं. तिच्या पोटात गाठ होती, आम्हाला हाताला लागायची. ती म्हणाली, बरं आहे. मग ती वाट बघत बसली, ते परत विचारतील म्हणून. होडी गेल्यावरही बसली होती. ती गेली तेव्हाही कागदावर बरीच होती. मला ते टेबल हवंय. मी दुसऱ्यांदा विचारीन."

सर्जनबुवांनी टोपण पेनाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग कोपऱ्यातल्या कारकुनाला म्हणाले, "रात्री धाप लागते म्हणालास?" तो म्हणाला, "तसं काही नाही साहेब." सर्जनबुवा गप्प बसले. चांगलेच गप्प बसले. मग म्हणाले, "धाप लागते का?"

"लागते," कारकून म्हणाला.

सगळं आटोपल्यावर प्राचार्यांनी मला दारात गाठलं. "बाई, कानाला काय झालंय?"

"काही नाही."

तो गालातल्या गालात हसला, खांबाला टेकला आणि आरामात म्हणाला, "बाई, कानाला काय झालंय?"

आता दुसऱ्यांदा विचारल्यावर काय करणार. सांगावं लागलं. नियम मोडला, तो माझा मीच मोडला, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मी तुम्हाला खाणाखुणा करायला मनाई केली होती. बहिरं व्हायला नाही."

निकाल अजून लागायचा आहे. मला झोप लागत नाही, हे तू विचारण्याआधीच सांगते.

ताई


३ जुलै

धाकटे,

शिंपली आत गेली.

यादी लागली तेव्हा ती फलकासमोर उभी होती आणि रेडिओ तिच्या वतीनं उड्या मारत होती. स्वयंपाकिणीनं अबोला सोडून सगळ्यांना गोड केलं आणि प्रत्येकाला दोनदा विचारून वाढलं. शिंपलीला मी विचारलं, "खूश आहेस ना?" गप्प. सवयीनं पुढे निघाले होते, तेवढ्यात वळले आणि परत विचारलं. मग ती इतकी रडली आणि इतकी हसली की माझ्या खांद्याची इस्त्री गेली.

वर्ग चालू राहणार आहे. समितीचा नियम बदलला : प्रत्येक प्रश्न दोनदा, प्रत्येक मुलाला, सारखाच. मी तो मसुदा स्वतः लिहिला. बेटावर जाणारी होडी आता सकाळची जाते आणि मुक्काम करून येते. पहिल्याच फेरीला सर्जनबुवा स्वतः गेले. परत आले ते तोंड पाडून, कारण काटक माणसांची रांग धक्क्याच्या टोकापर्यंत गेली होती. रेडिओ पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. तोवर हृदय डावीकडे आणण्याची जबाबदारी माझी.

गुडघ्याचा फोटो काढला. झीज आहे. जिना टाळायला सांगितलं आहे. हे तू विचारलं होतंस म्हणून लिहिलं.

आता एक काम उरलं. प्लास्टरवाल्या डॉक्टरांनी ते शिकवणं कायमचं सोडलं. रुग्णाशी बोलणं, म्हणजे तुझ्या भाषेत गप्प बसणं, पुढच्या उन्हाळ्यात शिकवायला कोणीतरी हवं आहे. माझ्या हाताखाली नाही. वर्ग तुझा, खोली तुझी, मी तिथे डोकावणारसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरची खोली मी झाडून घेतली आहे. मला तो जिना नाहीतरी चढायचा नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाचीमार्फत विचारलं होतं, तेव्हा तू "जमणार नाही" म्हणालीस. ते मी खरं धरून बसले.

धाकटे, येतेस का?

उत्तर लिही. आशीर्वाद कसाही लिही.

ताई